मदत हवी आहे: बाथरूममधले पांढरे-काळे डाग, अ‍ॅसिड, ब्लीच आणि मावशींचा खोकला

नमस्कार मंडळी. फ्लॅट वाघोलीत. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर ९००च्या आसपास दाखवतो. एका बाथरूममध्ये सिरॅमिक टाइल्स आहेत, दुसऱ्यात आणि बाल्कनीत शहाबादी फरशी. नळांवर आणि काचेवर पांढरा थर, टाइल्सच्या सांध्यांत काळं, कमोडच्या आत पिवळट-तपकिरी कडं.

सध्या घरात असलेलं सामान: टॉयलेट क्लीनर (लेबलवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड), पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून आणलेलं सुटं अ‍ॅसिड, ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट ४%), पांढरं फिनेल, काच पुसायचा निळा स्प्रे. मदतीला येणाऱ्या मावशी डाग जात नाही म्हणून टॉयलेट क्लीनरवर ब्लीच ओततात. परवा आम्हा दोघींनाही खोकला आला, डोळे चुरचुरले. त्यांच्या बोटांना भेगाही पडल्यात.

प्रश्न तीन. कशात काय मिसळायचं नाही? यातलं काय टाकून देऊ? आणि अ‍ॅसिडशिवाय हे डाग जातात का?

लिटमस:
आधी खोकल्याचं. टॉयलेट क्लीनरमधलं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या जवळपास अडीचपट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. उकिडवं बसून घासणाऱ्या माणसाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं, आणि एक्झॉस्ट पंखा असतो छताजवळ. म्हणून दारात उभं राहणाऱ्याला 'जरा वास येतोय' इतकंच वाटतं आणि घासणाऱ्याला धाप लागते.

मावशींना अजून छातीत घट्ट वाटत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा दमा असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि काय कशात मिसळलं होतं ते नीट सांगा. क्लोरीनचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. पुन्हा असं झालं तर वास मारायला वरून काहीही ओतायचं नाही. बाहेर पडायचं, बाहेरून उघडता येतील त्या खिडक्या उघडायच्या. श्वासाला त्रास होत असेल तर १०८.

ब्लीच बाकी कशाकशात चालत नाही ते लिहून ठेवा: व्हिनेगर, लिंबू, कुठलंही डिस्केलर, म्हणजे क्षार काढायचं औषध (सगळी अ‍ॅसिडंच), फिनेल आणि तुमचा तो निळा स्प्रे. अशा स्प्रेंपैकी काहींत अमोनिया असतो आणि त्यातून क्लोरामाइन नावाचे वायू निघतात, तेही तितकेच झोंबणारे. केसांच्या बऱ्याच रंगांतही अमोनिया असतो, तेव्हा रंग धुतल्यावर ओल्या फरशीवर लगेच ब्लीच नको. (चेहऱ्याला लावायचं ब्लीच वेगळं, ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं. नावाव्यतिरिक्त दोघांचं नातं नाही, पण एकाच कपाटात दोन्ही ठेवू नका.)

फरशीवाला:
मावशींचं चुकतं ते इथं: डाग न ओळखता औषध ओततात. तुमच्याकडे तीन वेगळे डाग आहेत.

पांढरा थर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. लिंबाचा थेंब टाका, बारीक फसफसलं तर तेच. ब्लीचने तो हलतही नाही, अ‍ॅसिडच लागतं, पण सौम्य पुरतं.

सांध्यांतलं काळं म्हणजे बुरशी. तिला ब्लीच लागू पडतं, अ‍ॅसिड नाही.

पिवळट-तपकिरी कडं म्हणजे क्षारात मुरलेलं लोखंड. यावर ब्लीच टाकलं तर लोखंडाचं ऑक्सिडीकरण होऊन डाग उलट पक्का बसतो. 'ब्लीच टाकूनही जात नाही' अशी तक्रार असते ती या डागाची.

आणि टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे. टीडीएसमध्ये मीठसुद्धा मोजलं जातं. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याची 'टोटल हार्डनेस' वेगवेगळी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. त्यापुढे गेलं की घासणं हा रोजचाच उद्योग होतो.

ताकभात:
एवढी रसायनं कशाला? संत्र्या-मोसंबीच्या साली आणि गूळ घालून बायो-एन्झाइम करा. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने. शंभर टक्के नैसर्गिक, कशातही मिसळा. किंवा व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा.

लिटमस:
ताकभात, प्रमाण बरोबर, पण 'कशातही मिसळा' हे आताच्या आता खोडा. ते आंबवण आम्लच असतं, ब्लीचमध्ये गेलं की त्यातूनही क्लोरीन निघणार. साल संत्र्याची आहे हे ब्लीचला कळत नाही. शिवाय करताना काचेची बाटली नको, गॅस धरून फुटते. प्लॅस्टिकची घ्यावी, वर चतुर्थांश जागा ठेवावी आणि पहिला महिना रोज झाकण सैल करावं.

व्हिनेगर आणि सोडा एकमेकांना मारतात. फेस छान येतो, खाली उरतं ते जवळजवळ खारं पाणी. वापरायचंच तर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी.

फरशीवाला:
आता कामाचं. किराणा दुकानातून लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आणा. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, झालं तुमचं डिस्केलर.

नळ: या पाण्यात जुनं सुती फडकं भिजवून नळाला गुंडाळा, १० ते १५ मिनिटं. जास्त ठेवलं तर क्रोमचा मुलामा निस्तेज होतो. मग धुऊन कोरडं पुसा. फडकं नळावर वाळू दिलं तर पांढरी साय धरते, ती कॅल्शियम सायट्रेटची. लोक समजतात डाग गेला नाही आणि आणखी कडक अ‍ॅसिड आणतात.

शॉवर: प्लॅस्टिकच्या पिशवीत तेच पाणी भरून रबरबँडने शॉवरला बांधा, तासभर. भोकं दातांच्या ब्रशने मोकळी करा.

टाइल्स: आधी साध्या पाण्याने भिंत भिजवा. सांध्यांतलं सिमेंट पाण्याने भरलं की अ‍ॅसिड आत कमी शोषलं जातं. कोरड्या भिंतीवर अ‍ॅसिड मारल्यामुळेच सांधे वर्षा-दोन वर्षांत वाळूसारखे झडतात. मग सायट्रिक लावा, १० मिनिटांनी घासा, भरपूर पाण्याने धुवा.

कमोड: ब्रशने जोरात ढकलून आतलं पाणी शक्य तितकं खाली घालवा, नाहीतर टाकलेलं सगळं पातळ होतं. कड्यावर १०० ग्रॅम लिंबूफूल टाकून रात्रभर ठेवा. त्यानेही नाही गेलं तरच टॉयलेट क्लीनर, लेबलवर लिहिलेल्या वेळेइतकाच.

शहाबादी: तिथं यातलं काहीही नाही. शहाबादी हा मुळात चुनखडीचाच दगड, कोटाही तसाच. पांढऱ्या थरासोबत फरशीच विरघळते. तिथं धुण्याचा सोडा १ लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा, नायलॉनचा ब्रश, बस.

लिटमस:
काळ्या बुरशीसाठी ब्लीच वेगळ्या दिवशी. १ लिटर गार पाण्यात १०० मिलि. गरम पाण्यात ब्लीच लवकर निकामी होतं आणि वासही जास्त उठतो. स्प्रे करू नका, बारीक तुषार थेट फुप्फुसात जातात. ब्रशने सांध्यावर लावायचं, १० मिनिटं ठेवायचं, दार उघडं, पंखा चालू, मग धुवायचं. पातळ केलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही.

सुटं अ‍ॅसिड घरात ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं. पाण्याच्या बाटलीत मुकाट भरून मिळतं, तिथं यातलं काही झालेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे तहानेला कुणीतरी ती बाटली तोंडाला लावतो. असं झालंच तर उलटी काढायची नाही, तडक दवाखाना. कातडीवर सांडलं तर २० मिनिटं वाहतं पाणी. सोडा चोळायचा नाही.

धागाकर्ती:
खूप आभार. हातांचं काय? हातमोजे दिले तर घाम येतो म्हणून काढून ठेवतात. आता 'हर्बल' हँडवॉश आणलाय, तरी भेगा वाढल्याच.

ताकभात:
बायो-एन्झाइमचं खोडलं. हातमोज्यांचं एक सांगते: आत पातळ सुती मोजे घालायचे आणि रबरी मोज्याची कड मनगटाशी बाहेरून दुमडायची, म्हणजे हात वर केला की ओघळ कोपरापर्यंत जात नाही. दर १५-२० मिनिटांनी काढून हात कोरडे करायचे. आत ओल राहिली तर मोज्यांनीच त्रास वाढतो. रात्री पेट्रोलियम जेली.

लिटमस:
हँडवॉशच्या मागच्या बारीक अक्षरांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन दिसतंय का बघा. टिकवण्यासाठी घालतात आणि काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी असते. युरोपीय संघाने धुवून न टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत ते २०१७ पासून बंद केलं आणि धुवून टाकायच्या प्रसाधनांत ०.००१५ टक्क्यांवर आणलं. पुढच्या बाजूला तुळशीचं चित्र असलं तरी मागे ते असू शकतं. पण अ‍ॅसिड-ब्लीच बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत भेगा भरल्या नाहीत, तर अंदाज करत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवतात, आणि नेमकं काय सोसत नाही ते कळतं.

अजून एक. लेबलं कुणी वाचत नाही, तेव्हा बाटल्यांना रबरबँड लावा. अ‍ॅसिडच्या सगळ्या बाटल्यांना लाल, ब्लीचला निळा. एका दिवशी एकाच रंगाची बाटली बाहेर काढायची.

धागाकर्ती:
रबरबँड लावले. सुटं अ‍ॅसिड दुकानदाराला परत देते, नाल्यात ओतणार नाही. शेवटचं: बाल्कनीतल्या शहाबादीवर आधीच अ‍ॅसिड पडून पांढरे खडबडीत पट्टे झालेत. निघतील?

फरशीवाला:
धुऊन नाहीत. तो डाग नाही, तिथला दगडच गेलाय. फरशी पॉलिश करणाऱ्याला बोलवा. तो जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत क्रमाने घासून आजूबाजूची पातळी त्या पट्ट्यांपर्यंत खाली आणेल. तुमच्या दोन फरश्यांपुरता येणार नाही, शेजाऱ्यांच्या बाल्कनीतही झालं असेल तर एकत्र बोलवा. आणि शेवटी चमक यावी म्हणून तो 'पावडर' लावायला लागला तर ती कसली ते विचारा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड निघालं तर हातमोजे आणि मास्क त्यालाही लागतील.