मदत हवी आहे : बंदिजनांचे पुनर्वसन आणि निरीक्षणगृहातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी अनुदान

सप्रेम नमस्कार. पुण्यात आमचा एक लहान सार्वजनिक न्यास असून, येरवडा कारागृहातून सुटून आलेल्या व्यक्तींना आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे बालगृह किंवा निरीक्षणगृह (कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांना ठेवण्याची संस्था) सोडावे लागलेल्या तरुणांना निवारा, कागदपत्रे व काम मिळवून देण्याचा आम्ही प्रयत्न करतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अशा मुलांच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. परंतु प्रत्यक्षात खोलीचे भाडे आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचे दोन महिने हीच खरी अडचण असते.

न्यासाची प्राप्तिकर सवलतीसाठीची १२अ व ८०जी आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी झालेली आहे. तरीही एका कंपनीने, समाजकार्यकर्त्याचे मानधन प्रशासकीय खर्चात मोडते आणि त्यावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, असे सांगून आमचा प्रस्ताव परत केला. माझ्या वाचनाप्रमाणे ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला लागू असून, प्रकल्पाच्या अंमलबजावणीवरील थेट खर्च तिच्यात येत नाही. हा मुद्दा देणगीदाराला न दुखावता पत्रात कसा मांडावा?

दुसरे असे की, कंपनी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआर निधी ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांच्या यादीत, बंदिजनांचा स्वतंत्र उल्लेख नाही. मग प्रस्ताव कौशल्य प्रशिक्षणाखाली द्यावा की विषमता कमी करण्याच्या कलमाखाली? ‘गुन्हेगार’ हा शब्द वाचताच फाईल बाजूला पडते, हा अनुभव (दुर्दैवाने) जुनाच आहे. ज्यांचे असे प्रस्ताव मंजूर झाले आहेत, त्यांनी अंदाजपत्रकाची मांडणी कशी केली होती, हे कृपया कळवावे.