कांगारू पॉची पानं काळी पडतायत, मुळापासून छाटू का?

हडपसरकर_पर्थ
नमस्कार मंडळी. पर्थच्या उत्तरेला राहतो, अंगणात नुसती वाळू. हिवाळ्यात दारापुढच्या वाफ्यात दोन जातींचे कांगारू पॉ (ऑस्ट्रेलियातलं फुलझाड) लावले. एक लाल दांड्याचा, हिरव्या फुलांचा, इथलं राज्यपुष्प असलेला. दुसरा उंच, पिवळट फुलांचा. पहिला गणपतीच्या दिवसांत मस्त फुलला. आता डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, त्याची पानं टोकाकडून काळी होत खाली चाललीयत. उंच जातीवर मात्र एक डाग नाही. शेजारचे आजोबा म्हणतात सगळं कापून टाक, बायको म्हणते पाणी वाढवा. कोणाचं ऐकू?

वेरिबीची_माळीण
आजोबांचं अर्धं ऐका, वहिनींचं अजिबात नको (त्यांना सांगू नका).

काळं पडणं हा इंक डिसीझ, बुरशीचा प्रकार. पण त्याआधी झाडापाशी उकिडवे बसा आणि पानं हाताने बाजूला करा. तलवारीसारखी पानं एकात एक बसून चपटे जुडगे झालेले दिसतील. त्यांना इथे फॅन म्हणतात. एका फॅनमधून फुलाचा दांडा एकदाच निघतो. तो फुलून गेला की त्या फॅनचं आयुष्य सरलं. नवे फॅन बाजूने येतात, जमिनीखालच्या आडव्या खोडातून, हळदीचं असतं तसं. तेव्हा फुलून गेलेला फॅन दांड्यासकट अगदी बुडातून कापा. नुसता दांडा अर्ध्यात तोडून सोडलात तर खालची पानं तशीच काळी होत राहतात. कोवळ्या फॅनना हात लावू नका. दर वेळी कात्री स्पिरिटने पुसा.

दोघांचा स्वभावही वेगळा. तुमचा लाल-हिरवा म्हणजे अ‍ॅनिगोझँथस मँगलेसी, 1960 पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं राज्यपुष्प. रानात वणव्यानंतर उसळून फुलतो आणि पुढे मागे पडत जातो. बी रुजायलासुद्धा धूर लागतो त्याला! बागेत तो थोड्या वर्षांचाच पाहुणा. उन्हाळ्यात पानं टाकून जमिनीखाली झोपतो, त्या झोपेत पाणी ओतलंत तर कुजेल. उंच तो फ्लॅविडस. मूळचा ओलसर जागांचा, बारमाही हिरवा, कणखर. माझ्याकडे मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या चिकणमातीत उंचवटा करून त्याचाच एक संकर लावलाय, 'बिग रेड'. दिवाळीनंतर फुलतो. रेड वॉटलबर्ड हा मध पिणारा पक्षी दांड्यावर बसून एका बाजूने चिरलेल्या फुलात चोच खुपसतो, तेव्हा वर रांगेने उभे असलेले सहा परागकोश त्याच्या कपाळाला घासतात. मान बाहेर काढतो तर डोक्यावर पिवळी पूड. त्या मजबूत दांड्याचा हाच तर उपयोग, पक्ष्याला बसायला जागा हवी.

आणि हो, बँक्सियाला (इथलंच दुसरं फुलझाड) फॉस्फरस सोसत नाही म्हणून यालाही खत बंद, असं बरेच जण सांगतात. ते पटत नाही. बँक्सिया प्रोटिएसी कुळातला, हा हिमोडोरेसीतला. थोडं सावकाश विरघळणारं खत याला मानवतं.

सिडनीकर_नाना
माळीणताईंशी सहमत. आमच्याकडे सिडनीत दमट उन्हाळ्यात मँगलेसी टिकवणं म्हणजे डोक्याला ताप. मी नाद सोडला आणि कुंडीत कांगारू पॉचाच 'बुश पर्ल' हा वाण लावला. बुटका, गुलाबी, बराच काळ फुलत राहतो. गर्दी करून लावू नका, वारा खेळला पाहिजे. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा, कोवळे कोंब त्याच खातात.

कोथरूडची_मंजिरी
जानेवारीत भाऊ पर्थहून येतोय. बी मागवू का?

वेरिबीची_माळीण
मंजिरी, नको गं. भारतात बी आणायला आयातीचा परवाना आणि क्वारंटाईनची कागदपत्रं लागतात, भाऊ विमानतळावर अडकेल. शिवाय याचं घर ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा, तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. पुण्यात नेमकं उलटं. ऑस्ट्रेलियाचंच काही हवं असेल तर नर्सरीत बॉटलब्रश मिळतो, तो लाव. त्यावर शिंजीरही येतील.

हडपसरकर_पर्थ
आभार! मँगलेसीचे फुलून गेलेले फॅन आज संध्याकाळी काढतो, पाणी फक्त उंचाला. कापलेली पानं कंपोस्टात घालू ना?

वेरिबीची_माळीण
घरच्या कंपोस्टात नको, तो ढीग पुरेसा तापत नाही आणि बुरशी राहते. पिशवीत बांधून कचऱ्यात.