बालमृत्यू रोखताना आधी काय: नवजात बाळाचा आजार की आईची उपासमार?

पळसवाडी (धागालेखक)

दर पावसाळ्यात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या येतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात आणि कुपोषणाकडे बोट दाखवून चर्चा आहाराच्या योजनांपाशी थांबते. माझ्या मते ही मांडणी अपुरी आहे आणि तिच्यामुळे वाचवता येण्यासारखी बाळे दगावतात. २०२२ साली जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ४९ लाख मुले मरण पावली. त्यांपैकी सुमारे २३ लाख जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेली. अंगणवाडीच्या वजनकाट्यापर्यंत पोचण्याआधीच गेलेल्या या बाळांना पोषण आहाराचा कोणताही डबा वाचवू शकला नसता. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग, ही त्यांच्या मृत्यूची मुख्य कारणे आहेत.

यांतले बरेच मृत्यू गावातच टाळता येतात, हे गडचिरोलीत सिद्ध झालेले आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला उबदार ठेवणे, स्तनपान नीट सुरू करून देणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला मास्कच्या साह्याने श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि आईवडिलांची संमती घेऊन जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढी कामे त्या घरोघरी जाऊन करत होत्या. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला, तर तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या तीन वर्षांत या गावांची गरिबी हटलेली नव्हती. मग बाळ वाचवण्यासाठी गरिबी हटण्याची वाट आपण का पाहावी?

जोंधळा

वाट पाहा असे कोणीच म्हणत नाही, परंतु आपण मृत्यूच्या साखळीतील शेवटची कडी हातात घेऊन तिलाच कारण म्हणत आहात. आपण ज्या गडचिरोलीचा दाखला दिलात, तिथेच पाहणीतील सुमारे ४२ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मली होती. इतकी बाळे जन्मतःच दुबळी का असतात, याचे उत्तर जंतूंमध्ये सापडणार नाही. ते आईच्या ताटात, तिच्या लग्नाच्या वयात आणि गरोदरपणीही न सुटलेल्या मजुरीत शोधावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते आणि निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. जगातील पाच वर्षांखालील जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा वाटा मानला जातो, कारण जो जुलाब किंवा जो गोवर धडधाकट मूल अंगावर काढते, तोच अर्धपोटी मुलाला घेऊन जातो. पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते, शेतात काम सर्वांत जास्त असते आणि नाले भरून रस्ते बंद असतात. बातम्या त्याच महिन्यांत येतात, त्या उगीच नव्हे.

शिशुवैद्य

माझा दोन्ही मतांना विरोध आहे, आणि तो लहान मुलांचा डॉक्टर म्हणून आहे. शहरातल्या बाळासाठी नवजात अतिदक्षता कक्ष आणि आदिवासी बाळासाठी चार इयत्ता शिकलेल्या बाईच्या हातातील इंजेक्शन, ही विभागणी मला मान्य नाही. १९९५ मध्ये गावात दुसरा पर्यायच नव्हता, हे मी मान्य करतो. परंतु २००५ मध्ये दवाखान्यातील बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, आणि संस्थात्मक म्हणजे दवाखान्यातील बाळंतपणांचे देशातील प्रमाण २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. आता प्रश्न त्या दवाखान्यांच्या दर्जाचा आहे. रात्री भूलतज्ज्ञ आहे का, श्वास न घेणाऱ्या बाळासाठी पहिल्याच मिनिटाला प्रशिक्षित हात आहे का, आई आणि बाळ एकत्र ठेवता येतात का, हे विचारले पाहिजे. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांतील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्याने, बाळ स्थिर होईपर्यंत थांबण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत, मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. हा उपाय जवळपास बिनखर्चाचा आहे, पण त्याला चांगले चाललेले रुग्णालय लागते.

पळसवाडी

@शिशुवैद्य, दवाखान्याचा दर्जा वाढावा याबद्दल दुमत नाही. परंतु आपल्या युक्तिवादात पहिला आठवडा संपल्यानंतरचा काळ दिसत नाही. बाळंतीण एकदोन दिवसांत घरी येते, आणि जंतुसंसर्ग पुष्कळदा त्यानंतर डोके वर काढतो. बाळ दूध ओढेनासे होते, अंग थंड पडते, आवाज क्षीण होतो, आणि तालुक्याच्या गावी जाण्याचा निर्णय होईपर्यंत एक रात्र गेलेली असते. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर घरभेटी देत आहेत, परंतु त्या कार्यक्रमात इंजेक्शनचे काम आशांकडे दिले गेले नाही. गडचिरोलीत निम्म्याहून अधिक नवजात मृत्यू ज्या कारणाने होत होते, त्यावरचा नेमका उपाय असा त्यांच्या पिशवीतून वगळला गेला. मला ही सर्वांत मोठी चूक वाटते.

@जोंधळा, आपला ४२ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. परंतु त्याच प्रयोगात कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, आणि कमी वजनाच्या जन्मांचे प्रमाण मात्र त्या मानाने थोडेच उतरले होते. दुबळे बाळ मरतेच असे नाही. दुबळेपणावर दुसरा आजार चढला की ते मरते.

परदेशस्थ

दोन गोष्टी थोडक्यात नोंदवतो. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत हिवतापाचे बहुतेक बळी पाच वर्षांखालील मुले असतात, त्यामुळे गडचिरोलीचा क्रम तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही. दुसरी गोष्ट बांगलादेशची. १९८० च्या दशकात तिथल्या 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करायला शिकवत होत्या. देश श्रीमंत होण्याआधीच जुलाबाने होणारे मृत्यू तिथे झपाट्याने घटले.

जोंधळा

बांगलादेशचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, कारण तिथे ज्ञान आणि कृती दोन्ही आईच्या हाती दिली गेली. आपल्याकडे तो अधिकार किती आयांना आहे? भारतातील २००५ च्या बालमृत्यूंची कारणे तपासणाऱ्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की, पहिला महिना पार केलेल्या मुलांमध्ये, मध्य भारतातील मुलींचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर दक्षिण भारतातील मुलग्यांच्या पाचपट होता. जंतू मुलगा-मुलगी पाहत नाही. दवाखान्यात कोणाला आधी न्यायचे हे घर ठरवते. आशांना इंजेक्शनची परवानगी द्यावी, या मागणीला माझा पाठिंबा आहे. परंतु ते इंजेक्शन मिळालेले पावणेदोन किलोचे बाळ सहाव्या महिन्यात काय खाणार, आणि त्याची आई मजुरीसाठी मैलोन्‌मैल दूर गेली तर त्याचा शिधा तिच्यामागे जाणार का, याचे उत्तर पळसवाडी यांच्या मांडणीत अजून आलेले नाही. ते येईपर्यंत कुपोषणाला मी दुसऱ्या क्रमांकाचे कारण म्हणणार नाही.