तिरक्या जोडाला काटकोनाचा पीक्यूआर पुरत नाही

९० अंशाच्या टी-जोडाचा पीक्यूआर (वेल्डिंगची पद्धत चाचणीने तपासल्याची नोंद) पास आहे, मग गोव्यातल्या वेर्ण्याच्या शेडमधल्या ४५ अंशी ब्रेसिंगला (तिरक्या आधारांना) तो चालेल का? माझ्या मते तेवढ्यावर विसंबू नका. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात घसा, म्हणजे मुळापासून पृष्ठभागापर्यंतची वेल्डची कामाची जाडी, म्हणजे वेल्डचा आकार गुणिले के. के हा जोडाच्या कोनावर ठरणारा गुणक. ६० ते ९० अंशांना के ०.७०, ११४ ते १२० ला ०.५०. साठाच्या खाली किंवा एकशेवीसच्या वर फिलेट (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी वेल्ड) वापरायचं तर प्रत्यक्ष चाचणीने ताकद सिद्ध करावी लागते.

खरी अडचण अरुंद बाजूला, म्हणजे लघुकोनाच्या बाजूला आहे. रॉड मुळापर्यंत पोचत नाही, तिथे स्लॅग (वेल्डिंगची मळी) अडकतो आणि वरून मात्र वेल्ड छान भरलेला दिसतो. म्हणूनच एडब्ल्यूएस डी१.१ हे अमेरिकन वेल्डिंग मानक हाताच्या आर्क वेल्डिंगला ६० ते ४५ अंशांत ३ मिमी आणि ४५ ते ३० मध्ये ६ मिमी झेड-लॉस (मुळाशी न भरल्यामुळे घशातून वजा करायची जाडी) धरतं.

त्याच कोनाचा, त्याच जाडीचा, त्याच पोझिशनचा नमुना वेल्ड करून घ्या. आडवा कापून, पॉलिश करून, एच करा (आम्ल लावून वेल्डची हद्द उठवा) आणि मुळापासून घसा मोजा. वेल्डरही साइटवरचाच घ्या. रुंद बाजूच्या फटीकडेही लक्ष द्या, प्लेटची कड बेव्हल केली (तिरकी कापली) नसेल तर ती हमखास वाढते.