चिकणमातीचं मैदान: वाळू-कंपोस्ट किती, कसं, आणि त्याआधी काय?

गोलपोस्ट_मागे

फुटबॉलच्या सरावाचं मैदान आहे, ६० × ४० मीटर. खाली भारी चिकणमाती, वर हरळी (बर्म्युडा). जोराचा पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी हटत नाही, आणि वाळलं की जमीन दगड. दोन्ही गोलसमोरचं गवत पार उडालंय. बाकी मैदानात ठिकठिकाणी बोटभर खोल खळगे. समितीचं म्हणणं असं की निम्मी वाळू, निम्मं कंपोस्ट मिसळून सरसकट दोन इंच पसरायचं, वरून रोलर फिरवायचा, झालं काम. मला ते पटत नाही, पण बैठकीत मांडायला आकडे नाहीत. प्रमाण काय घ्यावं, माल किती लागेल आणि कामाचा क्रम काय? पोकळ टाइनचं एरेटर मशीन (नळीसारख्या दात्यांनी माती उपसून जमिनीत भोकं पाडणारं) भाड्याने मिळू शकतं.

वाफसा

दोन इंच टाकलंत तर शिल्लक आहे ती हरळीही गाडली जाईल. आकडे असे मांडा: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे एक लिटर माल. तुमचं क्षेत्र २४०० चौ.मी. त्यावर ५० मि.मी. म्हणजे १२० घनमीटर. आणि इतकं ओतूनही निचरा सुधारणार नाही. पाणी वाळूतून झरझर उतरेल आणि चिकणमातीच्या माथ्यावर जाऊन बसेल. मुळंही त्या मऊ थरातच राहतात. मग कुणी स्टड रोवून वळलं की गवत गोधडीसारखं गुंडाळून येतं.

भोकं आधी, मिश्रण नंतर. गवत २० मि.मी.पर्यंत उतरवा, पण एका दमात नाही, दोन-तीन कापण्यांत. कापलेलं गोळा करा. मग चाकूने एक चौकोनी तुकडा कापून कडेने बघा: हिरवा भाग आणि माती यांच्यामधला तपकिरी, तंतुमय थर, म्हणजे थॅच, १२ मि.मी.हून जाड असेल तर उभ्या पात्यांच्या मशीनने तो आधी विंचरून काढा. त्याच्यावर टाकलेली वाळू मातीपर्यंत पोचतच नाही.

एरेटर वाफशावरच चालवा. माती ओली असेल तर टाइन भोकांच्या भिंती चोपून गुळगुळीत करतो, त्या भिंतीतून ना पाणी जात ना मूळ. अगदी कोरडी असेल तर टाइन दोन इंचही उतरत नाही, मशीन नुसतं उड्या मारतं. टाइन १२ मि.मी., दोन भोकांत ५ सें.मी., खोली ७५ ते १०० मि.मी. निघालेल्या मातीच्या गुल्ल्या उचलून मैदानाबाहेर टाका. माती चांगली असती तर फोडून तिथेच पसरा म्हटलं असतं, चिकणमाती परत भोकांत कशाला घालायची?

मिश्रण: आकारमानाने ८० भाग वाळू, २० भाग कंपोस्ट, दोन्ही कोरडं. सरासरी ५ मि.मी. पसरा आणि लोखंडी जाळी किंवा दाताळ्याची पाठ आडवी-उभी ओढा. शेवटी गवताची टोकं सगळीकडे दिसली पाहिजेत. जिथे दिसत नाहीत तिथला माल काढा, "पाऊस पडला की बसेल" यावर सोडू नका.

वेळही महत्त्वाची. हरळी जोमात वाढत असतानाच हे करायचं, म्हणजे तीन-चार आठवड्यांत भोकं झाकली जातात. सुप्तावस्थेच्या तोंडावर केलंत तर मैदान महिनोन्‌महिने चाळणीसारखं दिसेल.

बारीक_चाळ

वाफसा यांचा क्रम अगदी बरोबर, पण ५ मि.मी.त भोकं भरायची नाहीत. दर ५ सें.मी.ला एक म्हणजे चौरस मीटरला ४०० भोकं. १२ मि.मी. व्यास, ८० मि.मी. खोली धरली तर भोकांतच सुमारे ३.६ लिटर जातं. वर ३ मि.मी. थर हवा असेल तर एकूण ६.६ लिटर, म्हणजे पूर्ण मैदानाला साधारण १६ घनमीटर. शिवाय कंपोस्ट वाळूच्या फटींत शिरतं, त्यामुळे मिसळल्यावर ढीग आकसतो. १० टक्के जास्तीचं मागवा. आणि हे सगळं करून उघडलं किती, तर पृष्ठभागाचा जेमतेम साडेचार टक्के भाग. एका फेरीत मैदान बदलत नाही, वर्षातून दोनदा धरून काही वर्षं चालवावं लागतं. समितीला हे आधीच सांगा.

माझा मतभेद एवढाच की भोकांत निव्वळ वाळू जाऊ द्या. ओल्या चिकणमातीत कंपोस्ट खोल गेलं की हवेविना कुजतं. काळा पट्टा धरतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. आधी वाळू ओढून भोकं भरा, मग वरच्या ३ मि.मी.साठी ८०:२० वापरा.

खरा घोळ वाळूत होतो. किमान ६० टक्के कण ०.२५ ते १ मि.मी.चे हवेत, आणि ०.१५ मि.मी.हून बारीक सगळं मिळून १० टक्क्यांच्या आत. गोल्फ ग्रीनसाठी यूएसजीएचा (अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेचा) मापदंड हाच आहे, सरावाच्या मैदानालाही तो चालतो. समुद्राची वाळू क्षारांमुळे नको. दगड फोडून केलेली वाळू धुतलेली नसेल तर तिच्यातली भुकटी भोकांत सिमेंटसारखी बसते. गाडी रिकामी करण्याआधी बरणीत बघा: अर्धी बरणी वाळू, वर पाणी, चमचाभर भांड्यांचा साबण, दोन मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही तरंगत असते.

गोलपोस्ट_मागे

बरणीत बघितलं. वाळू ९० मि.मी., तिच्यावर ८ मि.मी. गाळ, आणि दुसऱ्या दिवशी पाणी अजून गढूळच. चालेल का? आणि गोलसमोरच्या उघड्या जागेत हेच मिश्रण फिरवून टाकू का?

बारीक_चाळ

परत पाठवा. गाळ फुगून बसतो, त्यामुळे वजनाने तो थोडा कमी भरेल, पण गढूळ पाणी म्हणजे चिकणमाती अजून वर आहे. धुतलेली वाळू मागा आणि बरणी पुन्हा लावा.

वाफसा

भोकांत निव्वळ वाळू हे मान्य, माझ्या ८०:२० पेक्षा बरं.

गोलसमोर मात्र वाळू अजिबात नको. चिकणमातीत थोडी वाळू कालवली की वीटच तयार होते. मोठ्या कणांमधल्या फटी चिकणमातीने भरून जातात. फरक पडायला एकूण मातीत ७०-८० टक्के वाळू लागते, तेवढी कोण घालणार? तिथे १०० मि.मी. खोल खणून २५ ते ३० मि.मी. थर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळा. ढीग आतून गरम लागला किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चं आहे. शंका असेल तर लवकर उगवणाऱ्या २० बिया कंपोस्टमध्ये आणि २० साध्या मातीत पेरून तुलना करा. मग पायाने दाबून सपाट करा आणि मैदानाच्या कडेचे हरळीचे चौकोन कापून लावा. गोलसमोर बी पेरण्यापेक्षा हे लवकर सावरतं. तोवर सरावाचे गोल हलवून ठेवा.

खळगे एका वेळी १० मि.मी.हून जास्त भरू नका, तीन-चार आठवड्यांनी पुढचा हात. २५ मि.मी.हून खोल असेल तर गवतावर टाकूच नका. इंग्रजी 'एच'च्या आकारात काप द्या, दोन्ही पाकळ्या दुमडा, खाली तिथलीच माती भरा, पाकळ्या परत बसवा आणि सांध्यांत वाळू घाला.

भोकं भरून थर पसरल्यावर आठ-दहा दिवसांनी पूर्ण मैदानाला चौ.मी.ला ११ ग्रॅम युरिया, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम नत्र. एकूण २६ किलोच्या आसपास होईल, लगेच पाणी द्या. पहिल्या दोन कापण्यांना जुनी पाती लावा, वाळूने धार जातेच.

सुतळी_लेव्हल

एक गोष्ट राहिली. वाळू मागवण्याआधी मध्यापासून कडेपर्यंत सुतळी बांधून उतार मोजा. ४० मीटर रुंदीत मध्य उंच धरला तर २० मीटरला किमान २० सें.मी. उतार हवा, म्हणजे एक टक्का. मैदान मध्ये बशीसारखं असेल तर पाणी तिथेच साचणार, भोकं कितीही पाडा. तेव्हा आधी ग्रेडिंग, म्हणजे जमिनीला नीट उतार देणं.

आणि त्याच मैदानात क्रिकेटची खेळपट्टी असेल तर तिच्यावर यातलं काहीही टाकू नका. तिला चिकणमातीच लागते, वाळूने ती भुसभुशीत होऊन फुटते. एरेटर नेतानाही तिच्याभोवती दोरी लावा.