मदत हवी आहे: स्मॉलफिल्म्सच्या बाहुल्या कोणी जवळून पाहिल्यात का?

मंडळी, शाळेतल्या मुलांसोबत बाहुल्यांची दोन मिनिटांची फिल्म करतेय, एकेक फ्रेम टिपून. त्यासाठी स्मॉलफिल्म्स या मुलांच्या टीव्ही मालिका करणाऱ्या इंग्लंडच्या कंपनीचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यातच अडकले. 1959 साली सुरू झालेली कंपनी म्हणजे मुळात माणसं दोनच. ऑलिव्हर पोस्टगेट लिहायचे, चित्रीकरण करायचे, निवेदनही त्यांचंच. पीटर फर्मिन चित्रं आणि बाहुल्या करायचे. स्टुडिओ कुठे, तर कँटरबरीजवळ फर्मिन यांच्या शेतावरच्या जुन्या गोठ्यात! त्यांच्या 'बॅगपस' या मालिकेचे (1974) भाग जेमतेम 13, तरी लोक अजून आठवण काढतात.

माझं घोडं अडलंय त्यांच्या 'क्लँगर्स' या मालिकेपाशी (1969). लोकरीने विणलेल्या त्या गुलाबी बाहुल्या, आणि आत मेकॅनोच्या (जोडून वस्तू बनवायच्या खेळण्याच्या) धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा. मी आत तांब्याची तार घातली, तर दहा-बारा फ्रेमनंतर बाहुली मान टाकते. कुठली तार, किती जाडीची वापरू? शिवाय क्लँगर्सचे संवाद आधी इंग्रजीत लिहून मग सरकत्या दांड्याच्या शिट्टीवर वाजवायचे. तशी शिट्टी पुण्यात कुठे मिळेल?

कँटरबरीकडे राहणारं, या बाहुल्या जवळून पाहिलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, सांध्यांपाशी वीण सैल दिसते की घट्ट?