मदत हवी आहे: सी मधली सॉकेट लायब्ररी लिनक्सवर पळते, विंडोजवर रिसीव्ह लगेच फेल

रानवारा
मंडळी, अर्जंट आहे. सी मध्ये सॉकेटची (नेटवर्क जोडणीचं टोक) एक छोटी लायब्ररी लिहिली आहे, नेट-ओपन, नेट-सेंड, नेट-रिसीव्ह, नेट-क्लोज अशी चारच फंक्शनं, म्हणजे वरच्या प्रोग्रामला खाली लिनक्स आहे का विंडोज हे कळायलाच नको. लिनक्सवर तीन आठवडे झाले विनातक्रार चालू आहे. परवापासून विंडोजवर आणतोय, कंपाइल होतं, कनेक्ट होतं आणि नेट-रिसीव्ह लगेच उणे एक देतं. पी-एरर (शेवटची एरर शब्दांत छापणारं फंक्शन) छापला तर म्हणतो "नो एरर". इफडेफ (कुठल्या सिस्टिमवर कुठला कोड हे ठरवणाऱ्या ओळी) सगळे नीट टाकलेत, दहा वेळा बघितले. सोमवारी साइटवर बसवायचं आहे. कुणाला असं झालंय का? आणि इंटरफेस असा चार फंक्शनांचा ठेवणं बरोबर आहे का तेही सांगा.

जुनी_वही
विंडोज कुठलं, कंपायलर कुठला, समोरून डेटा कोण पाठवतंय, सॉकेट ब्लॉकिंग (डेटा येईपर्यंत थांबणारं) आहे का नॉन-ब्लॉकिंग? यातलं काहीच लिहिलेलं नाही. "चालत नाही" एवढ्यावर काय सांगणार. कोड डकवा.

किमयागार
लिबयूव्ही ही तयार लायब्ररी वापरा आणि मोकळे व्हा. विंडोजवर आयओसीपी, लिनक्सवर ईपोल, मॅकवर केक्यू, प्रत्येक सिस्टिमची डेटाची वाट बघायची अशी वेगळी सोय त्यांनी झाकून ठेवलीय. नोडजेएस त्याच्यावरच उभं आहे. मी दोन प्रोजेक्टमध्ये वापरलंय, परत हाताने सॉकेट लिहायच्या भानगडीत पडलो नाही.

भटका_बिंदू
पोर्टला एचटॉन्स (नंबर नेटवर्कच्या बाइट-क्रमात बदलणारं फंक्शन) लावायचं विसरलात का? मी विसरलो होतो, ८०८० चं ३६८९५ झालं होतं, दोन दिवस गेले.

रानवारा
@भटका_बिंदू कनेक्ट होतंय म्हणजे पोर्ट बरोबरच आहे ना.
@जुनी_वही विंडोज १०, मिंगडब्ल्यू कंपायलर, ६४ बिट, ब्लॉकिंग सॉकेट. विन्सॉक (विंडोजची सॉकेट लायब्ररी) सुरू करणारं डब्ल्यूएसए-स्टार्टअप केलंय, आवृत्ती २.२ मागितलीय. समोर आमचाच गेटवे आहे, मागांच्या शेडमध्ये बसवलाय, दर दोन सेकंदांनी प्रत्येक मागाचे पिक (आडवे धागे) मोजून पाठवतो. ऑफिसातला पीसी ते वाचतो. लॅपटॉपवर लिनक्स टाकून तोच वाचणारा प्रोग्राम चालवला की मस्त चालतो.
@किमयागार गेटवेवर जागा कमी आहे आणि मला चार फंक्शनांसाठी पूर्ण इव्हेंट लूप नकोय.

शून्य_प्रहर
"नो एरर" चं कारण साधं आहे. विन्सॉक एररनोला (सी जिथे एररचा नंबर ठेवतं ती जागा) हातच लावत नाही. चूक झाली की नंबर डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर मध्ये मिळतो, आणि तोही लगेच विचारायचा, मध्ये दुसरा सॉकेट कॉल आला की तो बदलू शकतो. पी-एरर बिचारा एररनो वाचतो, तिथे शून्य. आधी खरा नंबर छापा, मग बोलू.

जाता जाता, हे नंबर लक्षात ठेवायला सोपे आहेत. सॉकेटची मूळ रचना १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सची, विन्सॉकने बीएसडीचेच एरर नंबर घेऊन त्यात १०००० मिळवले. म्हणून बीएसडीचेच नंबर ठेवणाऱ्या मॅकवर ईवुडब्लॉक (आत्ता थांबावं लागेल ही एरर) ३५ आणि विंडोजवर १००३५. लिनक्सचे नंबर मात्र वेगळे, तिथे तोच ११ आहे. म्हणून नंबर थेट वरच्या प्रोग्रामपर्यंत कधीही जाऊ द्यायचे नाहीत.

आडवाट
इतकं कशाला, हेडरमध्ये विंडोजसाठी एक डिफाइन टाका, एररनो म्हणजे डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर, आणि ईवुडब्लॉक म्हणजे डब्ल्यूएसए-ईवुडब्लॉक. काम खलास. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालू आहे.

शून्य_प्रहर
@आडवाट हे करू नका हो, मी यात पोळलोय. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून एररनो डॉट एच मध्ये ईवुडब्लॉक आधीच आहे आणि त्याची किंमत १४० आहे. तुमचं डिफाइन कुठल्या हेडरच्या आधी आलं आणि कुठल्या नंतर, त्यावर एका फाइलमध्ये १४० आणि दुसरीत १००३५. तुलना कधी जुळतच नाही आणि कंपायलर फार तर एक वॉर्निंग देतो. शिवाय एररनोच बदललात तर फाइल उघडताना आलेली एरर पण सॉकेटच्या खात्यात शोधायला लागाल.

आडवाट
आम्ही मिंगडब्ल्यू वापरतो आणि आम्हाला कधी त्रास झाला नाही. सगळ्याच गोष्टीची भीती घातली तर कोड लिहायचा कधी.

रानवारा
नंबर आला, १००६०. सर्च केलं तर कनेक्शन टाइम्ड आउट म्हणतात. पण कनेक्ट झालंय!

गावठाण
फायरवॉल. शंभर टक्के फायरवॉल. बंद करून बघा. अँटिव्हायरस पण काढा.

रानवारा
फायरवॉल बंद केली, अँटिव्हायरसही बंद केला. तेच. १००६०.

जुनी_वही
फायरवॉल आडवी आली असती तर कनेक्टच झालं नसतं. १००६० कनेक्टमधून आलाय का रिसीव्हमधून? आणि "लगेच" म्हणजे किती? मोजून सांगा.

रानवारा
रिसीव्हमधून. मोजलं नाही पण एंटर दाबून हात उचलेपर्यंत येतं. टाइमआउट तर मी ५ सेकंदांचा दिलाय, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

शून्य_प्रहर
टाइमआउट दिलाय हे आत्ता सांगताय होय! कसा दिलाय? ती ओळ जशी आहे तशी डकवा.

रानवारा
स्ट्रक्ट टाइमव्हॅल (सेकंद आणि मायक्रोसेकंदांची जोडी) घेतलाय, टीव्ही-सेक मध्ये ५, टीव्ही-यूसेक मध्ये ०, आणि सॉकेटचे ऑप्शन ठरवणाऱ्या सेटसॉकऑप्ट ला एसओ-रिसीव्ह-टाइमओ या टाइमआउटच्या ऑप्शनबरोबर त्याचा पत्ता दिलाय. दोन्हीकडे तीच ओळ. विंडोजवर पॉइंटरच्या प्रकाराची वॉर्निंग येत होती म्हणून कॅरेक्टर पॉइंटरचा कास्ट (प्रकार बदलून देणं) घातला, तेवढाच फरक.

शून्य_प्रहर
सापडलं. विंडोजवर या ऑप्शनला टाइमव्हॅल लागतच नाही, तिथे डीवर्ड लागतो, म्हणजे ३२ बिटांचा आकडा, आणि तो मिलिसेकंदांत. तुमच्या स्ट्रक्टचे पहिले चार बाइट म्हणजे टीव्ही-सेक, कारण ६४ बिट विंडोजवरही लाँग चार बाइटचाच असतो. त्यात ५. विंडोजने वाचलं ५ मिलिसेकंद. गेटवे बोलतो दोन सेकंदांनी, तोवर तुमचं रिसीव्ह कंटाळून परत आलेलं असतं. लिनक्सवर टाइमआउट झाला तर ईअगेन (पुन्हा प्रयत्न करा) येतो, विंडोजवर १००६०, आणि त्या नंबराचं नाव वाचून सगळे फायरवॉलच्या मागे लागले.

तो कास्ट घातलात तिथे गाडी चुकली असं मात्र नाही, विंडोजचं सेटसॉकऑप्ट कॅरेक्टर पॉइंटरच मागतं, सगळेच घालतात. पण कास्ट घातल्यावर आत काय दिलंय ते कंपायलर बघू शकत नाही.

रानवारा
बापरे. डीवर्ड मध्ये ५००० टाकलं, चाललं! दोन दिवस!! खरंच मनापासून आभार.

जुनी_वही
थांबा, इथेच सोडू नका. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की या ऑप्शनने रिसीव्ह टाइमआउट झालं की त्या सॉकेटची अवस्था अनिश्चित असते, पुढे वापरू नये. लिनक्सवर तुम्ही टाइमआउटनंतर त्याच सॉकेटवर पुन्हा वाचत असाल. म्हणजे एखाद दिवशी माग बंद, गेटवे गप्प, आणि मग विंडोजवर काय होईल याची हमी नाही. दोन्हीकडे रिसीव्हच्या आधी सिलेक्ट (डेटा येण्याची वाट बघून कळवणारं फंक्शन) लावा, त्याला टाइमआउट द्या, तयार असेल तरच वाचा. सिलेक्टचा टाइमव्हॅल दरवेळी नव्याने भरा, लिनक्स त्यात उरलेला वेळ लिहून ठेवतो.

आडवाट
सिलेक्ट जुना झाला, पोल वापरा. विंडोजवर डब्ल्यूएसए-पोल आहे.

जुनी_वही
@आडवाट डब्ल्यूएसए-पोल फसलेलं कनेक्ट कळवायचंच नाही, विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. क्लायंटकडचे पीसी कुठल्या आवृत्तीवर आहेत कोण सांगणार? सिलेक्टलाही विंडोजवर अट आहेच, फसलेलं नॉन-ब्लॉकिंग कनेक्ट लिहिण्याच्या यादीत येत नाही, अपवादाच्या यादीत येतं, तिसरी यादी रिकामी सोडली तर टाइमआउटपर्यंत बसून राहाल. पण हे निदान पहिल्यापासून असं आहे.

आडवाट
आणि ६४ च सॉकेट मावतात त्याचं काय?

जुनी_वही
एफडी-सेटसाइज, म्हणजे तीच मर्यादा, आधी डिफाइन करून वाढवता येतं, विंडोजवर ती नुसती सॉकेटची यादी असते. लिनक्सवर ते बिटांचं टेबल आहे, १०२४ च्या पुढचा नंबर टाकलात तर मेमरी खराब. पण यांना एकच सॉकेट वाचायचंय हो!

किमयागार
म्हणून म्हणत होतो लिबयूव्ही.

पहिला_पाऊस
अवांतर: मी शेवटच्या वर्षाला आहे, आम्हाला लॅबमध्ये सॉकेट फक्त लिनक्सवर शिकवलं, विंडोजवर वेगळं असतं हे आज कळलं. सी अजून शिकावं का थेट रस्ट या भाषेकडे जावं? रस्टमध्ये रीड-टाइमआउटला ड्युरेशन (एककासकट वेळ) द्यावा लागतो म्हणे, मग हा घोळ होणारच नाही ना?

शून्य_प्रहर
@पहिला_पाऊस दोन्ही शिका, पण वेगळा धागा काढा. तुमचा शेवटचा मुद्दा मात्र इथे कामाचा आहे. @रानवारा तुम्ही डिझाइनचं विचारलं होतंत आणि आम्ही सगळे बगवर तुटून पडलो. चार फंक्शनं चांगली आहेत, पण नेट-ओपन काय परत देतं?

रानवारा
इंट. सॉकेटचा नंबर. लिनक्सवर इंटच असतो ना.

शून्य_प्रहर
तिथेच पुढचा खड्डा आहे. विंडोजवर सॉकेट हा अनसाइन्ड प्रकार आहे, ६४ बिटांचा. "शून्यापेक्षा लहान आहे का" ही तपासणी तिथे कधीच खरी होत नाही. इंटमध्ये कोंबलात तर आज चालेल कारण आकडे लहान असतात, पण हमी नाही. माझं मत सांगतो. हेडरमध्ये फक्त एका स्ट्रक्टचं नाव जाहीर करायचं, आत काय आहे ते सी फाइलमध्ये. सगळे वेळ मिलिसेकंदांत, आणि ते पॅरामीटरच्या नावात लिहायचं, टाइमआउट नाही, टाइमआउट-एमएस. एररची स्वतःची यादी, पाच-सहा पुरे: वेळ संपली, समोरच्याने बंद केलं, नाकारलं, पुन्हा प्रयत्न करा, बाकी. तुमच्या हेडरमध्ये विन्सॉक२ चा इन्क्लुड दिसता कामा नये, नाहीतर कुणीतरी आधी विंडोज डॉट एच घेईल, ते जुनं विन्सॉक ओढून आणेल आणि एका गोष्टीची दोन डेफिनिशन म्हणून कंपायलर ओरडेल. आणि एक फाइल लिनक्सची, एक विंडोजची, इफडेफ ओळीओळीत पेरू नका. तुमचा बग त्या "दोन्हीकडे तीच ओळ" मध्येच लपला होता.

आडवाट
लपवलेलं स्ट्रक्ट म्हणजे मॅलॉक (प्रोग्राम चालताना मेमरी मागणं). छोट्या गेटवेवर मॅलॉक नको. सरळ टाइपडेफ करा (प्रकाराला आपलं नाव द्या), विंडोजवर सॉकेट, बाकी ठिकाणी इंट.

जुनी_वही
@आडवाट याच्याशी मात्र सहमत. किंवा आठ जागांचा स्थिर ॲरे आत ठेवा आणि बाहेर त्यातलाच पॉइंटर द्या, दोघांचंही समाधान.

भटका_बिंदू
एका रिसीव्हमध्ये पूर्ण मेसेज येईल असं धरू नका बरं का. टीसीपी म्हणजे नुसता बाइटचा ओढा. पुढे लांबी लावा.

रानवारा
@भटका_बिंदू ते आहे, पहिले दोन बाइट लांबीचे. स्थिर ॲरेचं पटलं, तसंच करतो. सिलेक्ट घातलं, आत्ता गेटवेची केबल काढून दहा मिनिटं ठेवली आणि परत लावली, विंडोजवर पुन्हा वाचायला लागलं. उलटा प्रयोग पण केला, पीसी बंद करून गेटवेवरून पाठवत राहिलो, तर गेटवेवरचा लिनक्स प्रोग्राम एकही ओळ न छापता मेला. हे काय आता?

शून्य_प्रहर
सिगपाइप. समोरचा गेल्यावर लिहिलं की लिनक्स सिग्नल पाठवतो आणि प्रोसेस संपते. सेंडला एमएसजी-नोसिग्नल द्या. मॅकवर जायचं असेल तर सॉकेटवर एसओ-नोसिगपाइप लावा, विंडोजवर हा प्रकारच नाही. हे नेट-सेंडच्या आत ठेवा, वर कळू देऊ नका.

रानवारा
लावलं. आता उणे एक येतं आणि प्रोग्राम जिवंत राहतो. उद्या शेडमध्ये नेऊन रात्रभर चालू ठेवतो, काही निघालं तर इथेच लिहितो.